उगवतीचा डब्बा

मामांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. ऑफिसातले सगळ्यात जुने म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायचे. माझं गाव केदारखेडा, म्हणून त्यांच्यासाठी मी केदारखेडा होते. ‘केदारखेडा, जेवलीस का?’ ‘केदारखेडा, ही कैची बघ, एका अंगाला बसून राह्यली.’ कैची म्हणजे शेडच्या छपराखालचा लोखंडी सांगाडा. नकाशात ती मी काढलेली असायची आणि ती खरंच एका अंगाला बसलेली असायची. माझ्यासोबत काम करणारा पोरगा जाफराबादचा, म्हणून तो जाफराबाद. मालक राहायला मस्तगडात, म्हणून ते तोंडावर शेठ आणि पाठ फिरली की मस्तगड. मामांचं स्वतःचं गाव कोणतं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, ‘हितून मावळतीला.’ आता जालन्याहून मावळतीला म्हटलं तर मुंबईसुद्धा येते.

मामांना डावं-उजवं नव्हतंच. उगवती, मावळती, उत्तर, दक्षिण, बस्स. शेताची हद्द सांगताना आमच्याकडं सगळेच असं बोलतात, माझे वडील आजही बोलतात. पण शेतातून बाहेर आलो की आम्ही गुमान डाव्या-उजव्यावर येतो. मामा आले नाहीत. एकदा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. जाफराबाद खाली चहा सांगायला निघालाच होता, तो म्हणाला, ‘द्या मामा, शिवून आणतो. कोणती तुटली?’ मामा म्हणाले, ‘आत्ता मावळतीची हाये. पर तू जिना उतरून वळला की उगवतीची व्हईल, तेवढं ध्यानात ठेव.’ जाफराबादनं दोन्ही नेल्या. दुसऱ्यांदा त्यांचा हात दुखायला लागला म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, हात कोणता? मामा उठले, खिडकीशी जाऊन ऊन कुठून येतं ते बघून आले आणि मग म्हणाले, ‘उत्तरेचा.’ डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, हाताचंच औषध द्या, बाकीचं जुनं आहे.

आमचं ऑफिस म्हणजे मस्तगडात बांगड्यांच्या दुकानावरची एक लांबोडकी खोली. औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांच्या शेडा, बियाणं साफ करायच्या कारखान्यांची मांडणी, गोदामं, असली ड्रॉइंगं आम्ही काढायचो. दोन हजार सालाच्या आगंमागं ही कामं संगणकावर यायला लागली होती. मामांचा जन्म बोर्डावर उभं राहून पेन्सिल ओढण्यात गेलेला. संगणक आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे घरी बसणार. ते बसले नाहीत. महिनाभर आमच्या पाठीशी उभं राहून त्यांनी सगळं बघितलं आणि मग माझ्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाले, ‘ऊठ, केदारखेडा.’ तेव्हापासून ती खुर्ची त्यांची. आम्ही दोघं ते उठतील तेव्हा बसायचो.

ते मशीन जोडीचं होतं. शेठनी कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातून दोन मोठे मॉनिटर उचलून आणले होते, ते जुने, पोट पाठीमागं सुटलेले. एका संगणकाला दोन्ही जोडायचे, एकावर अख्खा नकाशा ठेवायचा, दुसऱ्यावर त्यातला तुकडा मोठा करून काम करायचं, अशी सोय. एरवी एका पडद्यावर काम करणारा माणूस अर्धा वेळ चित्र लहान-मोठं करण्यातच घालवतो. जोडी आली आणि आमची कामं भरभर उरकायला लागली. मामांनी पहिल्याच दिवशी बारसं केलं. उगवतीचा डब्बा आणि मावळतीचा डब्बा. मावळतीच्या डब्ब्यावर अख्खा नकाशा, उगवतीच्या डब्ब्यावर काम.

टेबल तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला लागून होतं. बसणाऱ्याचं तोंड दक्षिणेला, म्हणजे डाव्या हाताला उगवतीचा डब्बा आणि उजव्या हाताला मावळतीचा. जवळजवळ ठेवले की दोन्ही एकमेकांना छळायचे. चित्र थरथरायचं, कडेला हिरवं-जांभळं व्हायचं. मामांनी एका कारखान्यातून जाड लोखंडी पत्रा कापून आणला आणि दोघांच्या मधे उभा केला. थरथर बरीच कमी झाली. ‘बांध घातला,’ मामा म्हणाले, ‘आता भांडत न्हाईत.’ पण बांधावरून त्यांची स्वतःची एक तक्रार सुरू झाली. माउसचा बाण एका डब्ब्यातून दुसऱ्यात जायचा तो मधल्या कडेतून, म्हणजे सरळ पत्र्यातून. ते त्यांना खपायचं नाही. ‘येवढा बांध घातलाय अन् हा आरपार जाऊन राह्यला. दुसऱ्याच्या वावरात कोनी असं घुसतं का?’ मी म्हणायचे, मामा, बाण खरा थोडाच आहे. मामा म्हणायचे, ‘मंग तू त्याच्यामागं दिवसभर कामून पळती?’ आणि मी परत बाणामागं पळायला लागायचे.

त्यांच्या बांधाचं मला एकदा जेवताना कळलं. भाकरी मोडता मोडता ते सहज म्हणाले, ‘वाटनीत धाकट्याला उगवतीचं आलं. विहीर उगवतीलाच व्हती. मला मावळतीचं.’ मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला नाहीत? ‘काय बोलायचं? त्याला लेकरं हायेत, मला न्हाईत. मीच म्हनलं, तू उगवतीचं घे.’ आणि पुढं म्हणाले, ‘हितं मातर उगवतीचा डब्बा माझा हाये, बरं का.’ ते हसून बोलले म्हणून मीही हसले. पण मला त्या दिवशी वाईट वाटलं. या माणसाला घरी बायको आणि गहू निवडणं सोडून काही नाही, आणि इथली ती खुर्ची हीच काय ती त्याची जहागिरी, एवढं माझ्या लक्षात आलं.

तर एक दिवस शेठनी वास्तूवाला आणला. कारखानदार बिलं थकवत होते आणि शेठना वाटत होतं की दोष कारखानदारांचा नसून आमच्या खोलीचा आहे. वास्तूवाल्यानं खोलीत चक्कर मारली, जोडीच्या मशीनपाशी थांबला आणि कपाळाला हात लावला. काम करणाऱ्याचं तोंड दक्षिणेला, यमाच्या दिशेला, मग पैसा कसा येणार? टेबल उत्तरेच्या भिंतीला लावा, म्हणाला. मामा तेव्हा चहाला खाली गेले होते. शेठनी आम्हाला कामाला लावलं. आम्ही टेबल उचललं, फिरवलं, उत्तरेच्या भिंतीला लावलं आणि डब्बे होते तसेच वर ठेवले. डावीकडचा डावीकडं, उजवीकडचा उजवीकडं.

मामा वर आले आणि दारातच थबकले. ‘उगवतीचा डब्बा मावळतीला कोनी ठेवला?’

आम्ही खरंच चक्रावलो. तोंड फिरलं होतं ना. दक्षिणेकडं बघताना उगवती डाव्या हाताला, उत्तरेकडं बघताना उजव्या. आम्ही टेबलासोबत डब्बे फिरवले होते आणि उगवतीचा डब्बा आता मावळतीच्या अंगाला जाऊन बसला होता. मामा बोलत बसले नाहीत. त्यांनी एकेक डब्बा पोटाशी धरून उचलला आणि अदलाबदल केली. उगवतीचा उगवतीला, मावळतीचा मावळतीला, मधे बांध. हुश्श करून खुर्चीत बसले आणि माउस हातात घेतला.

आता झालं असं की डब्बे बदलले, पण संगणकाला कुणी सांगितलंच नाही. त्याच्या पोटात जुनीच मांडणी होती. तो समजत होता, उगवतीचा डब्बा अजून डावीकडंच आहे. त्यामुळं बाण मधल्या पत्र्यापाशी गेला की अडायला लागला. कितीही रेटा, पुढं जात नाही. आणि मावळतीच्या डब्ब्याच्या पार बाहेरच्या कडेला, भिंतीच्या बाजूला नेला, की तिथं गडप व्हायचा आणि उगवतीच्या डब्ब्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघायचा.

जाफराबादनं कोर्स केलेला होता. तो म्हणाला, ‘मामा, सरका. सेटिंग उलटी झाली. दोन टिचक्या मारतो, बराबर करून देतो.’

मामांनी त्याचा हात धरला. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा उजळला होता. ‘हात लावशील तं बघ. उलटी कुठं झाली? आता तं सुलटी झाली. मावळतीला बुडाला, उगवतीला निघाला. सूर्य दुसरं काय करतो? अन् बांध बी ओलांडत न्हाई. वळसा घालून जातो, शहान्या मानसावानी.’

जाफराबादनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. सांगायचं काय? माणूस जे बोलत होता त्यात खोट काढायची तर सूर्यातच काढावी लागली असती.

पहिले आठ-पंधरा दिवस आमचे फार हाल झाले. हात सवयीनं मधून जायचा आणि बाण पत्र्याला धडकून राहायचा. मामा पाठीमागून म्हणायचे, ‘बांध हाये, केदारखेडा. दिसून न्हाई राह्यला का?’ पण हात हे फार बेशरम जनावर आहे, कशालाही सरावतं. हळूहळू आम्ही मावळतीला बुडवायला आणि उगवतीला काढायला शिकलो. इतके शिकलो की विचारच करावा लागेना. लाइट गेली की जाफराबाद म्हणायचा, ‘ग्रहण लागलं मामा,’ आणि मामा खरंच उठून हात धुऊन यायचे.

मग शेठनी तिसरा मॉनिटर आणला. मामांनी विचार केला, उगवती भरली, मावळती भरली, उत्तरेला भिंत. राहिली दक्षिण. दक्षिण आता आमच्या पाठीमागं होती. तिसरा डब्बा त्यांनी पाठीमागच्या भिंतीशी स्टुलावर ठेवला. उगवतीच्या डब्ब्यावर जे दिसायचं तेच त्यावर दिसायचं. मला वाटलं, आता मात्र कहर झाला. पण झालं भलतंच. गिऱ्हाईक आलं की पूर्वी आमच्या डोक्यावर उभं राहून सूचना करायचं, तंबाखूचा वास मानेवर यायचा. आता त्यांच्यासाठी आमच्या पाठीला पाठ लावून एक बाकडं टाकलं. ते तिकडं तोंड करून दक्षिणेचा डब्बा बघायचे, आम्ही इकडं तोंड करून काम करायचो. कुणाला कुणाचा त्रास नाही. शेठ तर खूश. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की शेठ स्वतः माउस घ्यायचे. ड्रॉइंग काढता येत नव्हतं, पण बाण फिरवता येत होता. मावळतीच्या डब्ब्यावर अख्ख्या नकाशात बोट दाखवल्यासारखं करायचे, मग बाण भिंतीकडं नेऊन बुडवायचे आणि बाकड्यावरच्या माणसाला मागं न बघता सांगायचे, ‘थांबा, बुडाला की निघतोच.’ आणि दक्षिणेच्या डब्ब्यावर बाण कडेतून उगवायचा. गिऱ्हाईकांना हे मोठं ऐपतीचं वाटायचं.

असं सगळं छान चाललं असताना शेठचा पुतण्या आला. पुण्यात शिकलेला, केसांना चमक लावलेला, सगळ्यांना ‘हॅलो’ म्हणणारा. वाईट नव्हता बिचारा. मामांनी त्याला आल्या आल्या ‘पुणं’ करून टाकला आणि त्यानंही ते हसून घेतलं. तो जोडीच्या मशीनवर बसला, बाण मधून न्यायला गेला आणि पत्र्यावर धडकला. पुन्हा गेला, पुन्हा धडकला. मग त्यानं सेटिंग उघडून बघितली आणि इतका हसला की खालच्या बांगड्यांच्या दुकानातली बाई वर बघायला आली.

‘काका,’ तो शेठना म्हणाला, ‘तुमचं ऑफिस उलटं चाललंय.’

शेठ ओशाळले. शेठ ओशाळले की कुणावर तरी काढायचे. नेमकं तेव्हाच एक मोठं काम आलं होतं. बियाणं साफ करायचा अख्खा कारखाना, शेडसकट, मशीनच्या मांडणीसकट. काम देणारे पार्टीवाले शनिवारी संध्याकाळी बघायला येणार होते. पसंत पडलं तर पुढच्या दोन कारखान्यांची कामं आम्हालाच. शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे काम पुतण्या बघेल. मग आवाज मऊ करून म्हणाले, ‘मामा, तुम्ही लई वर्षं केलं. आता एक तारखेपासून आराम करा. तोवर ते जुनं ट्रेसिंगचं तेवढं उरकून टाका.’

मामांनी उगवतीच्या डब्ब्याशेजारी ठेवलेला आपला जेवणाचा डबा उचलला आणि कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी बोर्डावर नेऊन ठेवला. बोर्डावरची धूळ फुंकली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. एक तारीख म्हणजे पुढचा आठवडा. मला इतका संताप आला होता की मी दुपारची भाकरी तशीच घरी नेली आणि आईची बोलणी खाल्ली.

पुणंनं गुरुवारी सगळं सरळ केलं. दोन टिचक्या मारल्या, डब्बे जागच्या जागी आणि बाण मधून आरपार जायला लागला. पत्रा ‘हे काय भंगार’ म्हणून जिन्यात नेऊन ठेवला. तासाभरात दोन्ही डब्बे थरथरायला लागले, मग स्वतःच जाऊन पत्रा परत आणला आणि मुकाट्यानं मधे उभा केला. कोपऱ्यात मामा पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण टोक करायचं थांबवलं होतं, ते मी बघितलं.

आणि मग आमचे हात बिघडले. मी मावळतीच्या भिंतीकडं बाण नेऊन बुडवत राहायचे आणि तो बुडतच नव्हता, कडेला जाऊन बसायचा. खांब इथं टाकायला गेले तो तिथं पडायचा. जाफराबादनं एका दुपारी खांबांची अख्खी ओळ उचलून रस्त्यात नेऊन ठेवली आणि ‘अरे, हे कसं झालं’ म्हणून डोकं खाजवत बसला. माझा हात खरोखर चुकत होता, हे मी देवाशपथ सांगते. जाफराबादचं मी सांगू शकत नाही. पुणं हुशार होता, एकटा बसून भराभर काढायचा, पण तीन माणसांचं काम एकट्यानं किती ओढणार? आम्ही बसलो की घोळ, उठलो की काम तुंबायचं. रडतखडत शनिवारी दुपारी ड्रॉइंग कसंबसं पुरं झालं.

संध्याकाळी पार्टीवाले आले. पांढऱ्या कपड्यातले दांडगे गृहस्थ, मूळचे शेतकरी, बोटात अंगठ्या. बाकड्यावर दक्षिणेच्या डब्ब्याकडं तोंड करून बसले. एवढी मोठी असामी, म्हणून दाखवायला शेठच बसले. पुणं बाजूला उभा, आम्ही दोघं भिंतीशी, मामा कोपऱ्यात.

शेठनी मावळतीच्या डब्ब्यावर अख्खा कारखाना दाखवला. तो पार्टीवाल्यांना दिसतच नव्हता, पण शेठना वर्णन करायची हौस. ‘अन् आता आतली मशीनरी बघा,’ म्हणाले आणि सवयीनं बाण भिंतीकडं ओढला. ‘थांबा, बुडाला की निघतोच.’

पार्टीवाले थांबले. शेठनी अजून ओढला. माउस टेबलाच्या कडेवरून खाली यायला लागला, तो उचलून परत ठेवला आणि परत ओढला.

‘निघाला का?’ शेठनी मागं न बघता विचारलं.

‘न्हाई.’

‘निघंल. बुडाला की निघतोच.’

‘शेठ, आज काही उगवून न्हाई राह्यला.’

पुणं खाली वाकून हळूच म्हणाला, ‘काका, मधून घ्या. मधून.’

‘मधून कसं घेऊ?’ शेठ कावले. ‘मधी बांध हाये ना.’

जाफराबाद खिडकीतून बाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. शेठनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. पण हात ऐकेना. बोलत बोलत त्यांनी बाण पुन्हा भिंतीकडंच ओढला. पार्टीवाले बाकड्यावर वळून बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच पाठीमागं बघितलं. शेठनी माउस सोडला.

‘मामा,’ शेठ म्हणाले, ‘जरा इकडं या.’

मामा जागचे हलले नाहीत. ‘मला आराम सांगितलाय, शेठ. एक तारखेपासून.’

‘आज एक तारीख न्हाई.’

यावर मामांनी विचार केला. पेन्सिल कानावर ठेवली आणि आले. शेठनी खुर्ची रिकामी केली. मामा बसले, पण त्यांनी माउसला हात लावला नाही. मांडीवर हात ठेवून पुणंकडं वळून म्हणाले, ‘पुणं, सूर्य पहिल्यासारखा कर.’

पुणंनं शेठकडं बघितलं. शेठ छताकडं बघत होते. पुणं वाकला आणि त्यानं दोन टिचक्या मारल्या.

मामांनी बाण धरला. सावकाश मावळतीला नेला, भिंतीच्या कडेला बुडवला. आम्ही सगळे, शेठसुद्धा, माना वळवून दक्षिणेच्या डब्ब्याकडं बघायला लागलो. आणि बाण निघाला. उगवतीच्या कडेतून, आपला सरळ, जसा रोज निघायचा तसा. मामा पुढं बोलत सुटले. दाणे इकडून पडतील, भुसा तिकडून निघंल, वारा मावळतीहून येतो म्हनून गोदाम त्या अंगाला ठेवलं न्हाई. पार्टीवाले मान डोलवत होते. शेवटी ते म्हणाले, ‘आता बराबर कळून राह्यलं.’ आणि त्यांना त्यात काहीएक वेगळं वाटलं नाही.

काम मिळालं. एक तारीख आली आणि गेली. शेठनी आरामाचा विषय काढला नाही, मामांनीही नाही. मामांचा जेवणाचा डबा सोमवारी सकाळी उगवतीच्या डब्ब्याशेजारी होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यासाठी घरून शेंगदाण्याची चटणी नेली. कुठं वाढू विचारलं तर म्हणाले, ‘मावळतीला,’ आणि मी न चुकता वाढली.

पुणं वर्षभर राहिला. मामांच्या हाताखाली बसून बसून तोही बुडवायला आणि काढायला शिकला. मग पुण्यात नोकरी लागली म्हणून गेला. महिन्याभरात त्याचा ऑफिसात फोन आला. मीच उचलला. म्हणाला, ‘मामांना सांगा, इथं दोन स्क्रीन दिलेत आणि माझा हात भिंतीत जातोय. लोक हसतायत.’ मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, ‘त्याला म्हनाव, हसनाऱ्यांची सेटिंग बघ.’

पुढं मलाही पुण्यात काम मिळालं. शेवटच्या दिवशी मी पाया पडले तर मामांनी आशीर्वादाऐवजी विचारलं, ‘टेबल कोन्या तोंडाला हाये?’ मी म्हटलं, अजून बघितलं नाही. ते नाराज झाले. नोकरीचं टेबल कोणत्या तोंडाला आहे हे न बघता पोरगी निघाली, हे त्यांना मुलगा न बघता लग्न ठरवल्यासारखं वाटलं असणार. जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, ‘जा, केदारखेडा. उगवतीला बस.’

पुण्यात माझं ‘मंग’ ऐकून लोक हसायचे, हसू देत. पहिल्या दिवशी एक मुलगा येऊन माझ्या टेबलावर दोन पातळ स्क्रीन लावून गेला. मी खिडकीतून ऊन बघितलं आणि दिशा लावली. माझं तोंड उत्तरेला होतं. तो गेल्यावर मी सेटिंग उघडली आणि दोन टिचक्या मारल्या. त्या मुलाला कळलं तेव्हा तो सरळ करून द्यायला आला. मी त्याचा हात धरला.

मामा गेल्याचं जाफराबादनं फोनवर कळवलं. आधी रडला, मग हसायला लागला. म्हणाला, ‘अगं, काय सांगू. मामांना खाली ठेवायचं, पाय दक्षिणेला करायचे, अन् घरात दक्षिण कोणती यावरून वाद लागला. एक म्हणतो दाराकडं, एक म्हणतो न्हाणीकडं. धाकटा भाऊ आल्ता, तो तिसरीच दाखवून राह्यला. शेठ म्हणाले वास्तूवाल्याला फोन करू का. अन् ज्याला विचारायचं तोच आडवा.’

मी विचारलं, ‘मग काय केलं?’

‘काय करतो? मी बाहेर जाऊन ऊन बघून आलो. अन् बराबर ठेवलं त्यांना.’

फोन ठेवल्यावर मला काम सुचेना. समोर एका कारखान्याची शेड होती. मी माउस घेतला आणि बाण मावळतीला नेला, कडेला बुडवला आणि वळून उगवतीकडं बघत बसले. डोळे भरले होते त्यामुळं नीट दिसत नव्हतं, पण तो निघाला होता.